सत्ताविसावी ओळ

"बाहेरचा माणूस या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि माझा पगारी माणूस या वहीला हात लावणार नाही!" त्रिंबकआण्णा उंबरजे गरजले. "तरीही पाचच्या आत यादी सरकारकडे गेली पाहिजे. कशी, ते तुम्ही बघा!"

हिशेबनीस पाटणकरांनी आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. अडीच वाजले होते.

करखात्याचा नवा नियम आला होता. आण्णांच्या बार्शीतल्या मसाल्याच्या कारखान्यात कोण काम करतं आणि कोणाला किती पगार, हे आता दर महिन्याला ऑनलाइन कळवायचं. पहिल्या यादीची आज शेवटची तारीख. चुकली की रोजचा दंड सुरू!

यादी होती लाल वहीत, आणि वही होती आण्णांच्या गादीखाली. तीस वर्षं आण्णा एकेकाला आत बोलावत, बंद पाकीट हातात ठेवत आणि हळूच सांगत, "तुला सगळ्यांत जास्त देतोय. कोणाला बोलू नको हं!" त्यामुळे सव्वीसच्या सव्वीस माणसं एकमेकांकडे दयेने बघत आणि गुण्यागोविंदाने मिरच्या कांडत. पाटणकरही त्या सव्विसांतलेच, कारण त्यांच्याकडे फक्त विक्रीचा हिशेब होता. ती वही कोणी वाचली असती, तर कारखान्यात मिरचीपेक्षा जास्त ठसका उडाला असता.

"मग जावईबापूंना बोलवायचं का?" पाटणकरांनी सुचवलं.

"जावयाला पगार दाखवू? उद्या तो मला हिशेब शिकवील!"

"मग तुम्हीच भरा की!"

आण्णांनी सकाळपासून तेच केलं होतं. एका बोटाने त्यांनी एकच नाव टाकलं होतं, 'लांब्या'. वहीत तेच होतं. त्याखाली 'शिंकरा दत्तू' आणि 'चष्मेवाली'. सरकारला मात्र आधारवरचं नाव हवं होतं. अशा नावाचा इसम नाही, असं पडद्यावर लाल अक्षरांत आलं होतं आणि आण्णा तेव्हापासून घामाघूम झाले होते.

"माझी अट पाळून जो कोणी ही यादी पाठवील," ते शेवटी म्हणाले, "त्यानं मागावं ते देईन!"

"मी करते की!" दारातून आवाज आला.

चहा घेऊन हौसाबाई उभी होती. चौदा वर्षं कारखान्याचं कुलूप तीच उघडत होती. धने भाजताना नुसत्या वासावर "उतरवा आता!" म्हणायची ती, आणि मग सगळे उतरवत. पण पाकीट तिला नव्हतं. महिनाअखेरीला आण्णांच्या पत्नी घरातल्या पैशांतून तिला काही देत, दिवाळीला लुगडं घेत. बाकीच्यांचा फंड कापला जायचा. आपल्या म्हातारपणी काय, म्हणून तिने तीनदा वहीत नाव घालायला सांगितलं होतं. तिन्ही वेळा आण्णा मनापासून दुखावले होते. "अगं, तू घरची! घरच्या माणसाला कोणी पगारावर ठेवतं का?"

"तू करणार?" आण्णा हसले. "अगं, हा कॉम्प्युटर आहे, कढई नव्हे!"

"बचत गटातल्या चाळीस बायकांचे अर्ज मीच भरते, आण्णा. आन् आपल्या लांब्याचं आधारवरचं नाव विठ्ठल सिद्राम गोडसे, ते बी मला ठावं हाय."

"पण माझी अट?"

"तेच इचारते. बाहेरचा माणूस नको?"

"नको!"

"मग मी बाहेरची हाय का?"

"छे छे! तू तर घरची!"

"आन् पगारी माणूस नको?"

"अजिबात नको!"

"मग माझं नाव हाय का वहीत?"

आण्णांनी गादीखालची वही काढून तिच्यापुढे सरकवली. पाटणकर तेवढ्यात चहा घेऊन बाहेर सटकले.

"मग सरका खुर्चीवरून!" हौसाबाई म्हणाली.

आण्णा सरकले. ती वही बघत एकेक नाव भरू लागली, आणि थोड्या वेळाने तिला हसू आवरेना.

"आण्णा! मिरच्या निवडणारीपासून पाटणकरांपर्यंत समद्यांचा पगार एकच! म्हंजे सगळ्यांत जास्त पगार सव्वीस जणांना?"

"मग खोटं कुठं बोललो?" आण्णा कानापर्यंत लाल झाले. "कोणालाही दुसऱ्याहून कमी नाही!"

पावणेपाचला सव्वीस ओळी भरल्या. हौसाबाईने हात मांडीवर ठेवले.

"अगं, दाब ना ते बटण!"

"दाबता येत न्हाई. यादी भरणाऱ्याचं नाव आन् कामगार क्रमांक मागतंय."

"आणि हे आत्ता सांगतेस?"

"पहिल्याच पानावर लिहिलंय, आण्णा. तुम्ही चष्मा लावला न्हाई. आता काय लिहू? घरची?"

घड्याळाचा काटा पुढे सरकत होता. आण्णांनी तिच्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना शरमल्यासारखं झालं.

"लिही," ते हळूच म्हणाले. "क्रमांक सत्तावीस." मग एकदम दचकले. "थांब! मग तू पगारी झालीस! आणि वही तर तू वाचलीस!"

"वाचली तवा पगारी नव्हते. आता झाले, तर इसरले!"

"बरं बाई! पगार किती लिहितेस?"

"समद्यांपेक्षा एक रुपया जास्त," हौसाबाई त्यांच्या कानाशी वाकली. "आन् आण्णा, कोणाला बोलू नका हं!"

आण्णा इतके हसले, इतके हसले, की त्यांना शिंकांची उबळ आली. "एक रुपया कसला? हजार लिही! आणि चौदा वर्षांचा फंडही मी भरतो!"

पाचला पाच मिनिटं असताना यादी गेली. पाटणकर आत डोकावले आणि पडद्यावर 'एकूण कामगार सत्तावीस' वाचून त्यांनी विचारलं, "आण्णा, हौसाबाईंना किती लावला हो?"

आण्णांनी डोळे पुसले आणि त्यांना जवळ बोलावलं. "तुम्हालाच सगळ्यांत जास्त आहे, पाटणकर. कोणाला बोलू नका!"

पाटणकर खूश झाले, आणि मोठ्या दयेने हौसाबाईकडे बघू लागले.