आधी शिव्या, मग नारळ

एकदा काय झालं, समुद्राच्या काठी वाघबंदर नावाचं एक गाव होतं. एका अंगाला काळा किल्ला, दुसऱ्या अंगाला माडांची रांग, आणि मधल्या वाळूत सुकणारी मासळी. नाक मुरडू नकोस गं, त्याच वासावर अख्खं गाव जगत होतं.

तिथं एक रीत होती, बरं का. नारळी पौर्णिमेला आधी दर्याला शिव्या, मग नारळ. शिव्या द्यायच्या गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं. दर्यानं बुडवलेल्यांची नावं एकेक करून त्याला ऐकवायची. ती बाई म्हणजे पोशी कोळीण. तिचा नवराही दर्यानंच नेलेला. एरवी बाईनं नवऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. या एका दिवशी तेवढी मुभा. पोशी वर्षभर या दिवसाची वाट बघायची.

मग गादीवर आला नवा राजा. त्याला पाहुण्यांना समुद्र दाखवायची भारी हौस. म्हणाला, "शिव्या बंद! चारचौघांत शोभत नाहीत. मेलेल्यांची नावं आता कशाला? मी सोन्याचा नारळ वाहीन."

ऐकलंत? आयत्या बिळावर नागोबा! गाव कुणी वसवलं, कोण बुडालं, याला काय ठाऊक? पोशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पण पौर्णिमेला शिपायांनी तिला दंडाला धरून मागं सारलं. नवऱ्याचं नाव ओठांतच राहिलं.

सोन्याचा नारळ मिळाला, वर शिवीचा एक शब्दही नाही. मग काय, दर्या माजला! लाडावलेलं पोर माजतं तसा. पहिल्या दिवशी त्यानं वाळूवरची मासळी गिळली. दुसऱ्या दिवशी बाजारात शिरला. तिसऱ्या दिवशी थेट राजवाड्यात, पाहुण्यांच्या पंगतीत! पानातले लाडू तरंगायला लागले.

मग राजा गुडघाभर पाण्यातून पोशीच्या दारी आला. "आजी, दे गं शिव्या."

"आधी तुलाच देते, मुडद्या!" पोशी कडाडली. "दर्यानं माझ्या माणसाचा जीव घेतला. तू तर त्याचं नावच पुसाया निघालास!"

राजानं मान खाली घातली. मग पोशी किनाऱ्यावर गेली. तिनं पदर खोचला.

"काय रं दर्या, पोट भरलं का तुझं? हशा नेलास, नाग्या नेलास, वेशीवरच्या हिराची दोन्ही पोरं नेलीस!"

एकेका नावाला दर्या एकेक पाऊल मागं सरला. शेवटी एकच नाव उरलं.

"आणि माझा जोमा नेलास. माझा जोमा!"

तेव्हा दर्या पार लांब जाऊन गप्प बसला. जाताना सोन्याचा नारळ राजाच्या पायाशी ओकून गेला. मग पोशीनं आपला साधा नारळ वाहिला.

तेव्हापासून राजा दर वर्षी पोशीच्या मागं उभा राहायचा आणि एकेक नाव तिच्यामागून म्हणायचा. पोशी सुखात राहिली, गाव सुखात राहिलं.

चला, घ्या पांघरुणं. पण आधी सांगा, पोशीच्या नवऱ्याचं नाव काय?

जोमा. हं. विसरायचं नाही. झोपा आता.