दौलत कॉमिक वाचायला शिकतो

डोंगराखालच्या टेंभुर्ली गावात एक भोळा गडी राहायचा. नाव दौलत. भोळा म्हणजे किती? कुणी म्हणालं, "दौलत, डोळ्यांत तेल घालून म्हशीवर लक्ष ठेव," तर गडी तेलाची बाटली शोधायला घरात जायचा. आणि इकडे म्हैस दुसऱ्याच्या शेतात.

गेल्या उन्हाळ्यात त्याचं लग्न झालं. बायको शालन, तालुक्याच्या गावची. तिचा थोरला भाऊ उत्तमदादा, त्याचा एस.टी. स्टँडवर पेपरचा स्टॉल. त्यामुळं पोरगी कॉमिकवर वाढलेली. सासरी येताना तिनं कॉमिकची एक भरलेली ट्रंक आणली. लग्न ठरवताना उत्तमदादाची एकच अट होती. "मुलगा वाचणारा पाहिजे. माझ्या बहिणीला बोलायला सोबत हवी." मध्यस्थानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "दौलत? अहो, पुस्तकाबिगर घास उतरत न्हाई त्याच्या गळ्याखाली!" खरं म्हणजे दौलतनं चौथीनंतर वाचल्या होत्या त्या फक्त एस.टी.च्या पाट्या. त्याही गाडी थांबलेली असली तर.

आता पंचमीला उत्तमदादा मुऱ्हाळी म्हणून येणार होता, बहिणीला माहेरी न्यायला. त्यानं आधीच निरोप धाडला होता, "पाव्हण्यांची परीक्षा घेणार. फसवणूक निघाली तर शालनला परत धाडायचं न्हाई." शालन लगेच ट्रंक उघडून बसली. कारण गडी येडा असला तरी तिला आवडायला लागला होता. चहाचा पहिला कप तो तिला द्यायचा. ती डोकं दुखतंय म्हणाली, की स्वतःचं डोकं दाबून बघायचा, नेमकं कुठं दुखतंय ते. असा नवरा शोधून तरी सापडला असता का?

"अहो, दादा यायच्या आत मी तुम्हाला कॉमिक वाचायला शिकवते," ती म्हणाली.

"शिकव की," दौलत म्हणाला.

पहिल्या दिवशी त्यानं पान उघडलं आणि खालच्या कोपऱ्यातल्या वाघापासूनच सुरुवात केली.

"असं न्हाई हो. डावीकडनं उजवीकडं जायचं. एक संपल्याबिगर दुसऱ्याकडं बघायचं सुद्धा न्हाई."

"समजलं," दौलत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटलांच्या घरी सत्यनारायणाचं जेवण होतं. दौलत पंगतीला बसला. आता ताटात डावीकडं पहिलं काय असतं? मीठ. दौलतनं मीठ खाल्लं. वाढपी मोठा प्रेमळ माणूस. पाव्हण्याचं मीठ संपलेलं दिसलं, त्यानं परत वाढलं. दौलतनं तेही खाल्लं. वाढप्यानं आणखी वाढलं. पुरणपोळीवर तुपाची धार पडली, शेजारी आमटीचे भुरके सुरू झाले, पण दौलतनं तिकडं ढुंकूनही बघितलं नाही. पंगत उठली तेव्हा गडी मिठावरच होता.

घरी येऊन त्यानं घागरीला तोंड लावलं आणि निम्मी संपवली तेव्हा कुठं खाली ठेवली.

"पोळी कशी झाली होती?" शालननं विचारलं.

"पोळी लई लांब होती गं. मी लिंबापातूर सुद्धा पोचलो न्हाई."

शालननं कपाळावर हात मारला. "अहो, ते पुस्तकातलं!"

"मग तसं सांगायचं की," दौलत म्हणाला आणि परत घागरीकडं वळला.

पुढचा धडा. एका चौकटीत राजा घोड्यावर, शेजारच्या चौकटीत राजा वाड्यात जेवायला बसलेला. दौलत तिथंच अडला. "ह्यो उतरला कवा? घोडा कुणी बांधला?" त्यानं दोन चौकटींमधली पांढरी पट्टी नखानं खरवडली. पान उन्हात धरून पलीकडनं बघितलं. घोडा बांधणारा कुणी दिसेना.

"सगळं दाखवत बसत न्हाईत हो," शालन म्हणाली. "मधलं त्या पट्टीत झालं, असं आपण धरून चालायचं."

"समजलं."

संध्याकाळी तो चरवी घेऊन गोठ्यात गेला. म्हशीखाली बसला. लगेच उठला. चरवी घेऊन घरात आला. शालननं आत बघितलं, तर चरवी कोरडी ठणठणीत.

"दूध कुठाय?"

"काढलं की. मधल्या पट्टीत."

"अहो, म्हैस ओरडतीय तिकडं!"

"तिला कॉमिक येत न्हाई. तू धरून चाल."

शालन भडकली, आणि भडकता भडकता तिला हसू फुटलं. शेवटी तिनंच जाऊन धार काढली. पंचमी तोंडावर आली होती आणि काळजीनं तिचा जीव अर्धा झाला होता.

पंचमीच्या आदल्या दिवशी सकाळी तिनं ढग शिकवला. "हे बघा, बोलणं फुग्यात असतं. पण फुग्याच्या जागी ढग असला आणि खाली तीन बारीक गोळे असले, की ते मनातलं. समोरच्याला ते ऐकू जात न्हाई."

"अजिबात न्हाई?"

"अजिबात न्हाई."

दौलतला हे फार म्हणजे फारच आवडलं.

दुपारी उत्तमदादा आला. चांगला जाडजूड माणूस, घामाघूम झालेला. शालननं पाणी दिलं. दौलतनं नमस्कार केला. मग बोटानं हवेत एक गोळा काढला, दुसरा काढला, तिसरा काढला, आणि मोठ्यांदा म्हणाला, "काय हे पोट! हा माणूस बसला तर माझी खाट मोडंल."

उत्तमदादाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "पाव्हणं, काय म्हणालात?"

दौलतचा चेहरा पांढराफटक पडला. "शालन! ह्यांना मनातलं ऐकू येतंय! अगं, साधुपुरुष हाय तुझा दादा!" आणि त्यानं धाडकन उत्तमदादाच्या पायावर लोटांगण घातलं.

आता रागवावं तरी कसं? उत्तमदादानं आजवर कुणाकडून लोटांगण घेतलं नव्हतं. तो नुसताच "असू दे, असू दे" म्हणाला आणि जपून, खाटेच्या कडेला बसला. पण मनात त्याच्या शंका शिरली ती शिरलीच. हा माणूस येडा आहे की महा बेरकी?

जेवण झालं. उत्तमदादा कलंडला. संध्याकाळच्या गाडीपर्यंत दौलत गप्प राहावा म्हणून शालननं त्याच्या हातात एक कॉमिक दिलं आणि त्याला परसात बसवलं. तासाभरानं तो चुलीपाशी आला, डोळे विस्फारलेले.

"अगं, पोरगी कड्यावरनं लोंबकळतीय आन् पुस्तक संपलं! पुढची पानं कुठायत?"

"पुढच्या अंकात. मुद्दाम तोडतात तिथं."

"कशापायी?"

"ऐन वेळेला तोडलं, की माणसाला चैन पडत न्हाई. ते परत येतंच. दादाच्या स्टॉलवर माणसं पहाटेपासनं उभी राहायची, पुढचा अंक न्यायला."

"परत येतंच?"

"हमखास."

"समजलं," दौलत म्हणाला. शालन भाकरी थापत होती, तिचं लक्ष नव्हतं.

चहा झाला. उत्तमदादानं घसा खाकरला. "पाव्हणं, मी सरळ माणूस. तुमची परीक्षा-बिरीक्षा राहू द्या. मला एकच सांगा, शालन तुम्हाला हवी का? हवी असंल तर पंचमी झाली की आणून सोडतो. नको असंल तर कायमची नेतो."

दाराआड शालननं पदर मुठीत घट्ट धरला. दौलतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. शालन जाणार म्हणून त्याचा जीव तुटत होता. ती परत आलीच पाहिजे, बाकी त्याला काही नको होतं. तो उठून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "शालन मला..."

आणि तिथंच तोडलं. शांतपणे गोठ्यात निघून गेला.

"शालन मला काय?" उत्तमदादा ओरडला. "अहो पाव्हणं! काय?"

गोठ्यात दौलत म्हशीला वैरण घालायला लागला होता. शालननं बाहेर येऊन दादाला लाख सांगितलं, की ते तसेच आहेत, त्यांच्या मनात वाईट नाही. पण दादा इरेला पेटला. "होय म्हणायला एवढं जड जातंय? मग नकोच." त्यानं ट्रंकसुद्धा उचलली. गाडीत शालन खिडकीला डोकं टेकून ढसाढसा रडली.

दौलतनं मात्र घर झाडून काढलं आणि वाट बघत बसला.

आणि काय सांगावं! पंचमी उलटली तशी सकाळच्या गाडीनं उत्तमदादा दारात हजर. डोक्यावर ट्रंक, मागं शालन, आणि दादाचे डोळे जागरणानं लालभडक.

"पाव्हणं, घास गोड लागंना मला," तो ट्रंक उंबऱ्यात आदळत म्हणाला. "झोपलं की कानात तेच. शालन मला... शालन मला... एकदा सांगून टाका, म्हंजे मी सुटलो. आणि ही घ्या तुमची बायको."

शालननं उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं सुद्धा. तिला बघून दौलतचं ऊर भरून आलं. खरंच आली की! नुसतं तोडलं आणि आली, ट्रंकेसकट आली. इतका गुणाचा उपाय सोडायचा म्हणजे काय? तो दोन्ही हात जोडून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "शालन मला..."

आणि गोठ्यात निघून गेला.

उत्तमदादानं एकदा गोठ्याकडं बघितलं, एकदा बहिणीकडं. मग ट्रंक परत डोक्यावर घेतली आणि तिचा हात धरला. दोघं गाडीच्या वाटेला लागली.

"सावकाश जावा!" म्हशीच्या आडून दौलत आनंदानं ओरडला. "आन् परवा येताना शाळेपाशी उतरा, घर जवळ पडतंय!"