शेठच्या घरचं ड्रिल

चिपळूणच्या दिगंबरशेठ खातूंना आपल्या ज्ञानाचा भारी ताठा. सुताराच्या 'उद्या येतो'ला कंटाळून यमुनाबाई साळवी घरासाठी ड्रिल मशीन घ्यायला त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. लाकडी फळी, लोखंडी ग्रिल आणि काँक्रीटची भिंत, तिन्हींना भोकं पाडायची होती. शेठनी सात मशीनं मांडली आणि वॅट, व्होल्ट, टॉर्कचा असा भडिमार केला की बाईंचं डोकं गरगरलं.

"बायकांना यातलं कळायचं नाही," शेठ म्हणाले. "डोळे मिटून हे बॅटरीचं न्या. याच्यापुढे बाकीची सगळी खेळणी."

यमुनाबाई आणखीच गोंधळल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "शेठ, तुमच्या घरी कोणतं आहे?"

"वायरचं, हॅमरवालं. दहा वर्षं झाली, भिंत असो की पत्रा, कुठे अडत नाही," शेठ अभिमानाने बोलून गेले.

"मग असं करा, हे बॅटरीचं तुम्ही घरी न्या आणि तुमचं ते खेळणं मला द्या."

शेठनी बॅटरीचं मशीन बाजूला सारलं. मग त्यांनी कपाटातून नवं हॅमरवालं मशीन काढलं. लाकडाला नि लोखंडाला हॅमरचं बटण बंद ठेवायचं, भिंतीला चालू करायचं, हे त्यांनी बाईंना दोनदा समजावलं, तेही साध्या मराठीत.