चेंडूतळ्याची हद्द

कासारमाळ घाटावर आणि तळखोल घाटाखाली. दोन्हींच्या मधे, कड्याच्या अगदी माथ्यावर एक तळं आहे. त्याला चेंडूतळं म्हणतात. फिरायला आलेली माणसं तळ्याकडे बघून म्हणतात, "गोल आहे ना, म्हणून!" तळं काही गोल नाही. चांगलं वेडंवाकडं आहे. पण पाहुण्यांना कोण बोलणार? त्यांना खडकावर बसवायचं, हातात कोकम सरबत द्यायचं आणि आवडी नावाच्या मुलीची गोष्ट सांगायची, अशी इथली रीत आहे. वरचा माणूस सांगतो तेव्हा त्यात वरचे शहाणे ठरतात आणि खालचा सांगतो तेव्हा खालचे. आवडी मात्र दोघांच्या सांगण्यात एकच आहे.

फार जुना काळ. देश कुठं संपतो आणि कोकण कुठं सुरू होतं हे तेव्हा कुणी दगड रोवून ठरवलेलं नव्हतं. वरचे म्हणत, कडा आमचा, उतार तुमचा. खालचे म्हणत, चढून येतो आम्ही, दमतो आम्ही, मग दम खातो ती जागा तुमची कशी? तळं नेमकं त्या जागेवर. एरवी कुणाला त्याचं काही नसे. खालच्या बायका मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर येत, वरचे गूळ-जोंधळा घेऊन येत, काठावर बसून अदलाबदल होई आणि गप्पाही होत. पण एका उन्हाळ्यात पाणी आटलं आणि दोन्हीकडची गुरं एकाच वेळी काठाला लागली. आधी गुरं भिडली, मग गुराखी, मग गावं. काठ्या निघाल्या. देवाणघेवाण बंद पडली. तळखोलात गूळ मिळेना आणि कासारमाळावर आमटी अळणी झाली.

सगळ्यात जास्त हाल झाले आवडीचे. तळखोलच्या बाबल गावकराची ही एकुलती एक मुलगी. मीठ विकता विकता वरची बोली तिच्या तोंडात बसली होती, आणि खरं सांगायचं तर कासारमाळच्या पाटलाचा मुलगा सिद्धू तिच्या मनात बसला होता. तो गूळ मोजताना नेहमी एक ढेप जास्त टाकायचा आणि आपण काहीच केलं नाही असं तोंड करायचा. आता घाटवाटच बंद झाली, तर कुठला गूळ आणि कुठला सिद्धू!

शेवटी दोन्ही गावं कंटाळली. दौलू पाटील वरून आणि बाबल गावकर खालून तळ्याशी आले. माथ्यावर वारा असा की शेजारच्याचं बोलणंही अर्धं उडून जातं. तरी बोलणं चांगलं झालं म्हणे. बाबलनं मनाचा मोठेपणा दाखवला. त्याला लेकीचं मन ठाऊक होतं. तो म्हणाला, "पाटलानू, भांडान पुरे झाला. माजा चेडू तुमका दितंय. चैताच्या पुनवेक हयच तळ्यार येवा."

खाली मुलीला चेडू म्हणतात. पाटलाला हे कुठून माहीत असणार? त्यानं ऐकलं 'चेंडू'. खालच्यांची ही हद्द ठरवायची रीत असावी, चेंडू खेळायचा आणि निकाल लावायचा, असं त्याला वाटलं. काठ्यांपेक्षा हे बरंच. तो खुशीत म्हणाला, "बेस झालं! आमची पोरं तयारच हाईत."

आता एक मुलगी आणि 'पोरं' कशाला, हे बाबलच्या मनात आलं. पण घाटावरचे लोक नवऱ्या मुलाला मानानं तसं म्हणत असतील, अशी त्यानं समजूत काढली. दोघं कडकडून भेटले आणि आपापल्या वाटेनं गेले.

इकडे तळखोलात आवडीला हळद लागली. ती इतकी हरखली होती की उखळातले तांदूळ सोडून बाहेरच मुसळ आपटत होती. आया-बायांनी वडे तळले, काळ्या वाटाण्याचं सांबारं रांधलं, ढोलवाल्यांना बोलावणं गेलं. तिकडे कासारमाळावर सिद्धू चेंडू करत बसला होता. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा गोळा, त्यावर चिंध्या, त्यावर शेळीचं कातडं. तालमीतली पोरं रोज संध्याकाळी माळावर धावत होती.

पुनवेला दुपारी दोन्ही गावं माथ्यावर पोचली. खालून ढोल-सनई, केळीची पानं, नारळांच्या पाट्या, आणि मधे मुंडावळ्या बांधलेली, हिरव्या लुगड्यातली आवडी. वरून अंगाला तेल फासलेली, लंगोट कसलेली पोरं, आणि सगळ्यांच्या पुढं, काखेत चेंडू धरलेला सिद्धू.

ढोल-सनई थांबली.

आवडीनं मान वर केली. आपला नवरा लंगोटात उभा आहे हे तिला दिसलं. त्यालाही ती दिसली आणि तो चेंडूसकट करवंदीच्या जाळीमागं पळाला.

पाटील घसा खाकरून म्हणाला, "गावकर, आमचा चेंडू आमी आणलाय. तुमचा कुठाय?"

"ह्या काय समोर!" बाबलनं लेकीकडे हात केला. "न्हवरो खय आसा?"

"कसला नवरा? चेंडू खेळायचा ठरल्यालं न्हवं का?"

बाबलचं तोंड लालबुंद झालं. भर माथ्यावर, सगळ्या गावासमोर आपल्या पोरीची थट्टा केली, असंच त्याला वाटलं. "माज्या चेडवाक खेळ समाजतास?" असं ओरडून त्यानं कंबरेचा कोयता उपसला. वरच्या पोरांनी काठ्या उचलल्या.

 हळदीच्या अंगानं परत फिरलं की पुन्हा या घाटात पाय पडायचा नाही हे आवडीला कळत होतं. कुणी तिला वर येऊ दिलं नसतं आणि खाली कुणी तिला मागणीही घातली नसती. पण 'चेडू' आणि 'चेंडू' हे दोन शब्द तिच्या कानात एकदम वाजले. तिथं जमलेल्या सगळ्यांत दोन्ही बोल्या येणारी ती एकटीच होती. ती मुंडावळ्या सावरत मधे गेली आणि पाटलासमोर पदर पसरून म्हणाली, "मामंजी, आमच्यात पोरीला चेडू म्हणत्यात. तुमास्नी वाऱ्यात चेंडू ऐकू आला."

मग वळून म्हणाली, "बाबा, ही थट्टा नाय. तेंका कळलाच नाय."

पाटील 'मामंजी' ऐकूनच विरघळला होता. तो हसायला लागला आणि त्याचं पोट हलताना बघून बाबललाही हसू आवरेना. पण मोठ्या माणसांचा ताठा एवढ्यानं कुठला जायला! तळं कुणाचं ते आधी ठरू दे, मग अक्षता, असं एक म्हणाला आणि दुसऱ्यानं मान डोलावली.

आवडी वैतागली. जाळीमागं हात घालून तिनं सिद्धूकडून चेंडू ओढून घेतला. "मी टाकते. जिथं थांबंल तिथं हद्द. बोला, मान्य?"

दोघांनी मान्य केलं. आणि मग तिला भीती वाटली. वर पडला तर सासऱ्याची मान खाली, खाली पडला तर बापाची. तिनं काठावरच्या जाकूबाई देवीला हात जोडले, डोळे मिटले आणि चेंडू भिरकावला. तो तळ्याच्या मधोमध पडला.

देवीनं पाडला असं काही जण सांगतात. आवडीचा नेम चांगला होता असं बायका सांगतात.

चेंडू तरंगत राहिला. वाऱ्यानं वर सरकला की वरचे ओरडत, खाली सरकला की खालचे. काठाला काही लागेना. शेवटी सिद्धूनं उडी मारली. पोशाख त्या कामाचाच होता. मधे जाऊन त्यानं चेंडू डोक्यावर धरला आणि विचारलं, "कुठल्या काठाला आणू?"

"माज्याकडं!" आवडी म्हणाली, आणि लुगड्यानिशी पाण्यात उतरली.

म्हणे भटजींना धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यात उभं राहावं लागलं आणि अक्षता माशांनी खाल्ल्या. त्याच पाण्याची ओंजळ भरून बाबल आणि पाटलानं शपथ घेतली: दर वर्षी चेंडू खेळायचा, थांबेल तिथं त्या वर्षापुरती हद्द, आणि पाण्यावर कुणी कुणाला अडवायचं नाही.

आजही चैत्र पुनवेला खेळ होतो. एका वर्षी चेंडू उतारावरून घरंगळत थेट तळखोलच्या वेशीत गेला, म्हणजे गावच देशाच्या हद्दीत आलं, तेव्हा तळखोलकर वर्षभर स्वतःला घाटी म्हणवून घेत होते आणि माशाच्या कढीत मुद्दाम जास्त तिखट घालत होते. पण खेळापेक्षा काठावरच्या बायका बघाव्यात. खाली दिलेल्या वरच्या लेकी आणि वर आलेल्या खालच्या सुना, साऱ्या माहेरच्या बाजूनं, म्हणजे स्वतःच्या नवऱ्याविरुद्ध, घसा फुटेपर्यंत ओरडतात. फक्त चेंडू पाण्यात पडला की सगळ्या एकदम ओरडतात, कारण त्या वर्षी हद्दच नसते. खेळाआधी म्हाताऱ्या जाकूबाईला गाऱ्हाणं घालतात ते एवढंच असतं: "आई, औंदा चेंडू पाण्यात पडू दे."