रुमालाखालचा भाव

खूप खूप वर्षांमागे, जेव्हा गावांना वेशी होत्या आणि वेशींना लाकडी दारे होती, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी लहानसे गाव होते. त्या गावात एक म्हातारा आणि एक म्हातारी राहत होती.

त्यांच्याकडे एक बैलगाडी होती. बाभळीच्या लाकडाची, चांगली भक्कम. म्हातारी नवरी होऊन या गावात आली ती याच गाडीतून. दर उन्हाळ्यात म्हातारा गाडीची चाके उतरवायचा, वंगण घालायचा, आणि मग गाडी अशी चालायची की बैलांच्या घुंगरांखेरीज दुसरा आवाज येत नसे.

पण आता म्हाताऱ्याचे हात थरथरू लागले होते. कासरा हातात ठरत नव्हता.

त्यांचे दोन मुलगे दोन गावांना राहत. मुलगे वाईट नव्हते बरं का. घरे मात्र दोघांचीही लहान. थोरला म्हणाला, "बाबांना मी नेतो." धाकटा म्हणाला, "आईला मी नेतो." दोघेही मायेनेच बोलले. दोन गावांच्या मध्ये मोठी नदी होती, हे तेवढे कुणी बोलले नाही.

मुलगे गेल्यावर म्हातारी बराच वेळ चुलीपाशी बसून राहिली. मग म्हणाली, "अहो, दारात दुभती म्हैस असली तर आपण दोघं इथंच राहू शकू. दूध विकू, ताक विकू. बैल थोरल्याला देऊ, त्याला शेतीला लागतातच. आणि गाडी विकू."

"गाडी विकायची?" म्हातारा म्हणाला.

"गाडी ठेवायची की मला, ते ठरवा."

म्हाताऱ्याने डोके खाजवले. मग म्हणाला, "गाडी कुरकुरत नाही, एवढाच विचार करत होतो."

म्हातारीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिले, आणि मग दोघेही हसले. असे ठरले.

गावात एक कुंभारीण होती. तिला माहेरहून बैलजोडी मिळाली होती, पण गाडी नव्हती. गाढवांच्या पाठीवरून बाजारात नेईपर्यंत तिची निम्मी मडकी फुटायची. ती पाणवठ्यावर चारचौघींसमोर म्हणाली, "मावशी, तुमच्या गाडीचे मी तीस रुपये देईन. याहून जास्त माझ्याकडे नाहीत, आणि यातला एकही कमी करणार नाही."

चांदीचे तीस रुपये म्हणजे थोडे नव्हते. पण दुभत्या म्हशीला चाळीस पडत. म्हातारी म्हणाली, "बघते हं, बाई."

आणि त्याच आठवड्यात गावात दवंडी आली. शहरातल्या गाड्यांच्या व्यापाऱ्याचा माणूस ढोल बडवत ओरडत होता, "जुनी गाडी आणा हो, नव्या गाडीचं मोल न्या! आमच्यासारखा भाव सात गावांत नाही!"

म्हातारीच्या डोळ्यांपुढे काळी, तुकतुकीत म्हैस उभी राहिली.

"एवढं लांब जायचं?" म्हातारा म्हणाला. "कुंभारीण आपली ओळखीची आहे."

"ओळखीनं म्हैस येत नाही," म्हातारी म्हणाली. तिनेच हट्ट धरला आणि भाकरी बांधून घेतली.

पहाटे निघाले ते दिवस चांगला वर आल्यावर शहरात पोहोचले. व्यापाऱ्याचे आवार केवढे तरी मोठे होते. दारात आंब्याच्या पानांचे तोरण होते. पण आत पाहिले तर जिकडे तिकडे गाड्या एका बाजूला कलून पडलेल्या. कुणाचे एक चाक काढलेले, कुणाची दोन्ही.

व्यापारी स्वतः सामोरा आला. "या बाबा, या आई! उन्हातून आलात. अरे, पन्हं आणा! बैल सोडा, त्यांना सावलीत न्या!" म्हातारीला आई म्हणणारा असा थोर माणूस आजवर भेटला नव्हता. तिचे मन विरघळले.

व्यापाऱ्याने गाडीभोवती एक फेरी मारली. "वा! असं काम आता कुठं होतं?" मग त्याने खांद्यावरचा लाल रुमाल काढला आणि म्हाताऱ्याच्या हातावर पसरला.

त्या काळी बाजारात अशी रीत होती. भाव तोंडाने सांगायचा नाही. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात घालायचे, आणि घेणारा विकणाऱ्याची बोटे दाबायचा. एका बोटाला दहा रुपये. मोठ्याने बोलले तर मालाला नजर लागते, असे लोक म्हणत.

रुमालाखाली हात हलले. म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. तो म्हातारीच्या कानाशी येऊन पुटपुटला, "चार. चार बोटं धरली त्यानं."

चाळीस! म्हातारीने पदराने डोळे टिपले. म्हशीचे नावसुद्धा तिने ठरवून टाकले.

"फक्त चाक काढून आतला आस बघून घेतो," व्यापारी म्हणाला. "बसा तुम्ही निवांत."

त्याच्या माणसांनी डावे चाक उतरवले. गाडी त्या बाजूला कलली. आणि मग दुपार सरत गेली तरी कुणी फिरकले नाही. म्हातारीने दोनदा विचारले. "शेठजी जेवताहेत," "शेठजी पडलेत जरा," अशी उत्तरे मिळाली. शेवटी एक माणूस आला, त्याने चाकाच्या आऱ्यांवर टकटक केले आणि कुणीतरी गेल्यासारखी मान हलवली. दुसरा आला, आसाकडे बघून त्याने नुसता "अरेरे" म्हटले.

उन्हे कलली तेव्हा व्यापारी आला. आता तो हसत नव्हता. त्याने पुन्हा रुमाल पसरला.

म्हाताऱ्याने हात बाहेर काढला. "शेठजी, ही तर दोनच बोटं. सकाळी तुम्ही चार धरली होती."

"चार?" व्यापाऱ्याने आजूबाजूच्या माणसांकडे पाहिले. "बाबा, सकाळीही दोनच होती. तुमचा हात बघा केवढा थरथरतोय. दोनाची चार वाटली असतील तुम्हाला."

"आमच्या आजोबांना तर एका बायकोच्या दोन दिसायच्या!" कुणीतरी म्हणाले, आणि सगळे आवार हसले.

म्हातारा हसला नाही. त्याने आपला हात उचलून पाहिला. हात थरथरतच होता. "असेल," तो हळूच म्हणाला. "माझीच चूक असेल. आता काही कळत नाही मला."

म्हैस हातची गेली याचे म्हातारीला वाईट वाटलेच. पण तिच्या काळजात रुतले ते हे शब्द. गेल्या थंडीत ती तापाने फणफणली होती. तेव्हा हाच हात तिच्या कपाळावर असायचा. थरथरत असायचा, आणि तरी ताप किती उतरला, किती चढला, हे बरोबर सांगायचा. त्या हाताला दोन आणि चार कळत नाहीत?

"लवकर ठरवा," व्यापारी म्हणाला. "दिवे लागेपर्यंत हा भाव. त्यानंतर दीड बोट. आणि चाक बसवायला आता माझी माणसं मोकळी नाहीत."

म्हातारा तिच्याकडे वळला. "घेऊ या का वीस? परत कसं जाणार? चाक निघालंय, बैल थकलेत."

म्हातारीने कललेल्या गाडीकडे पाहिले. वीस रुपयांत फार तर दोन शेळ्या येतील. शेळ्यांच्या दुधावर दोन माणसांचे भागणार नाही. मग एकाने नदीच्या अलीकडे राहायचे आणि एकाने पलीकडे. तिने पदर खोचला. आणि ती पुढे झाली.

"शेठजी," ती म्हणाली, "यांचा हात थरथरतो. पण तो खोटं बोलत नाही. तुम्ही एक करा. तो रुमाल बाजूला ठेवा आणि सगळ्यांदेखत माझी बोटं धरा. किती धरली ते सगळे बघतील."

"तशी आमच्यात पद्धत नाही, आई."

"मग दिसणार नाही तो भाव घ्यायची आमच्यातही पद्धत नाही. आम्ही निघालो."

"चाकाविना?"

"चाक आमचं आम्ही बसवू."

लोक पुन्हा हसले. पण म्हाताऱ्याने अंगातली कोपरी सारखी केली आणि चाकापाशी जाऊन बसला. चाक उचलायला माणूस हवा होता. तेव्हा पलीकडच्या कललेल्या गाडीवरून एक दांडगा, मिशाळ शेतकरी उठून आला. त्याने कलली बाजू खांद्यावर घेतली आणि दबक्या आवाजात विचारले, "आजोबा, तुम्हालाही चार म्हणाला होता?"

"हो. तुम्हाला?"

"मलाही चार, आणि मग दोन. परवापासून इथं बसलोय. मला वाटलं, माझंच ऐकण्यात काही चुकलं." मग त्यालाच आपल्या बोलण्याचे हसू आले. "ऐकण्यात कसलं! बोटं काय बोलतात?"

म्हाताऱ्याने आसाला वंगण फासले, चाक सरळ धरले आणि खीळ ठोकायला हात उचलला. आणि काय सांगू, वर्षानुवर्षांचे ते काम हाती येताच त्याचा हात थरथरायचा थांबला. खीळ जागच्या जागी बसली. म्हातारी बघतच राहिली.

"आता माझीही गाडी उभी करा," मिशाळ शेतकरी मोठ्याने म्हणाला. मग तिसरा उठला, मग चौथा. जो तो शेजाऱ्याला विचारू लागला, "तुला किती धरली होती?" आणि सगळ्यांचे उत्तर एकच येऊ लागले.

बैल जुंपून गाडी दाराशी आली तेव्हा व्यापारी मागून धावला. "अहो आई, थांबा! तीस! तीस रुपये देतो!"

म्हातारीने वळून पाहिले. "म्हणजे शेठजी, तुम्हाला तोंडानं भाव सांगता येतो तर!"

"मग घ्या ना!"

"नको. सकाळच्या चाराचे दुपारी दोन झाले, दोनाचे आता तीन झाले. घरी पोहोचेपर्यंत त्याचं आणखी काय होईल, ते मला नाही कळायचं."

गाडी शहराबाहेर पडली. मग म्हातारी म्हणाली, "मी तुम्हाला उगाच इतकं लांब आणलं."

"बरं झालं आणलंस," म्हातारा म्हणाला. "नाहीतर माझा हात अजून चालतो, हे मला कुठं कळलं असतं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी मान खाली घालून कुंभारणीच्या अंगणात गेली. गाडी तशीच परत आल्याने शहरात काय झाले ते गावाला कळलेच होते. शेजारीण कुंभारणीला खुणावत होती, की आता मावशी अडल्या आहेत, पंचवीस सांग.

कुंभारणीचे हात मातीत होते. तिने ते धुतले, आत गेली आणि रुपये आणून ओट्यावर सगळ्यांसमोर मांडले. तीस होते.

"कमी नाही केलेस?" म्हातारीने विचारले.

"का करू? गाडी तीच आहे, मावशी. आणि मीही तीच आहे."

म्हातारीने कुंभारणीचा ओला हात नुसता आपल्या हातात धरला.

तीस रुपयांत दुभती म्हैस आली नाही. आली एक वगार, म्हणजे अजून न व्यायलेली म्हैस. ते वर्ष ओढाताणीचेच गेले. थोरल्याने बैलांबरोबर कष्ट केले आणि ज्वारीचे पोते आणून टाकले, धाकटा डाळ पाठवत राहिला. म्हातारा गावच्या गाड्यांची चाके उतरवून वंगण घालून द्यायचा, त्याचे धान्य मिळायचे. आपल्या जुन्या गाडीला मात्र तो काही न घेता वंगण घालायचा, आणि कुंभारीण रागवायची.

पुढच्या वर्षी म्हैस व्यायली. पहिल्या चिकाचा खरवस म्हातारीने केला तो आधी कुंभारणीकडे गेला, मग दोन्ही मुलांकडे. भांडे पुसून उरलेली वडी दोघांनी अंगणात बसून अर्धी-अर्धी खाल्ली. दोघे त्याच घरात राहिले, शेवटपर्यंत, नदीच्या एकाच तीरावर.

आणि तो व्यापारी? त्याच्या दारावरचे तोरण वाळून गेले तरी विकायला एकही गाडी आली नाही. त्या मुलुखात लोक रुमाल घाम पुसायला वापरू लागले, आणि भाव उघड्या हाताने, चारचौघांत सांगू लागले.

म्हणून बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढे ध्यानात ठेवा: झाकून दाखवलेल्या मोठ्या भावाला भुलू नये, सगळ्यांसमोर सांगितलेला आणि आपली अडचण पाहूनही न बदलणारा भाव, तोच खरा भाव.