चार तासांची मुदत

एका गावात एक भोळा आरोग्यशिक्षक होता. उगाच दुसऱ्याचं नाव कशाला घ्या, तो मीच. गाव वांगरवाडी. नेमणूक सहा महिन्यांची. काम बरं झालं तर मोठे साहेब येऊन कायम करणार होते. कायम व्हायचं म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. त्यामुळे आमच्या नर्स सुरवसेबाई सांगतील ते मी तंतोतंत पाळायचो. अक्कल वापरून धोका कोण पत्करणार?

पहिल्याच आठवड्यात चंद्रभागाकाकूंच्या नातवाला जुलाब लागले. मी मीठ-साखरेच्या पाण्यावर तासभर भाषण दिलं. तेवढ्यात पोर चारदा परसात जाऊन आलं.

बाई म्हणाल्या, "अहो, बोलत काय बसता? करून दाखवायचं असतं."

"बरं."

पुढचा विषय होता तंबाखूचे तोटे. चावडीवर पन्नास माणसं जमली होती. मी करून दाखवलं. तळहातावर मळली, दाढेखाली धरली आणि आडवा झालो.

म्हातारे धोंडिबा म्हणाले, "मास्तर, चुना जास्ती झाला तुमचा."

बाईंनी माझ्या तोंडावर पाणी मारलं. "अहो, घातक वस्तू दिसली की उचलायची आणि गावाबाहेरच्या खड्ड्यात टाकायची."

"बरं."

मंगळवारी लसीकरण होतं. लशीची पेटी दिसली की पोरं भोकाड पसरायची. एवढ्या लेकरांना रडवणारी वस्तू घातकच असणार. मी पेटी उचलली आणि खड्डा गाठला.

बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला फार वाईट वाटलं. त्यांचा डबा मीच संपवला.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "लस अशी सरसकट फेकत नाहीत. पेटीतून काढून बाटली उघडली की घड्याळ बघायचं. चार तास झाले की उरलेली टाकायची. कितीही जीव तुटला तरी ठेवायची नाही."

"बरं."

सहावा महिना संपताना साहेब आले. गाडीच्या काचा बंद, आत गारेगार, थेट लशीच्या पेटीसारखं. मी दार उघडून त्यांना बाहेर काढलं आणि घड्याळ बघितलं. दहा वाजले होते.

साहेबांनी विहीर बघितली, शाळा बघितली, काकूंच्या घरची शेंगोळी खाल्ली. मग उपकेंद्रात बसून म्हणाले, "माणूस कष्टाळू दिसतोय." मला कायम करायचा कागद पुढे ओढून त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

घड्याळात दोन वाजले.

माझा जीव तुटला. खरंच तुटला. पण बाईंनी बजावलं होतं. मी साहेबांना कंबरेत धरून उचललं आणि खड्ड्यात नेऊन टाकलं.

बाई धावत आल्या. "अहो, हे काय केलंत?"

"बाई, चार तास झाले होते."

खड्ड्यातून साहेबांनी कागद मागितला. म्हटलं, चला, सही करतायत.

केलीही. फक्त कागद दुसरा होता.