परग्रहावरच्या देवाचा राखणदार

माळावरच्या एका गावात येसबा नावाचा भोळा गडी राहायचा. इतका भोळा, की ‘जरा थांब’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिथेच सापडायचा. शेजारगावच्या सगुणावर त्याचं मन जडलं होतं. सगुणालाही तो आवडायचा. का, ते विचारू नका. तिचे वडील रखमाजी मात्र म्हणाले, “आधी एका कामावर टिकून दाव. मग पोरगी देतो.”

त्याच सुमारास गावाबाहेर टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग सुरू झालं. मालिका परग्रहावरच्या लोकांची. त्यांचा राजा निळा, पुजारी निळे आणि देव तीन तोंडांचा, थर्माकोलचा. सेट सांभाळणाऱ्या सुलभाताईंनी येसबाला कामावर घेतलं आणि सांगितलं, “या देवाची नीट काळजी घ्यायची.”

येसबाने घेतली. देवाला दुधाने अंघोळ घातली, तर रंग ओघळला. पायाशी नारळ आपटला, तर एक तोंड गळून पडलं.

सुलभाताईंनी कपाळाला हात लावला. “अरे, हा परग्रहावरचा देव. त्याला नारळ-बिरळ काही नको. तिथली माणसं देवापुढे जीभ बाहेर काढून उभी राहतात. झाली त्यांची पूजा.”

“आसं व्हय,” येसबा म्हणाला. “आता ध्यानात ठेवतो.”

संध्याकाळी मारुतीच्या देवळात आरती चालली होती. येसबा गाभाऱ्यासमोर गेला आणि त्याने हातभर जीभ बाहेर काढली. आरती ऐन रंगात बंद पडली. गुरवाने त्याला कान धरून बाहेर आणलं.

“येड्या, द्येवाला वाकुल्या दावतोस? द्येवळात आलं, पुजारी दिसला, की पाय घट्ट धरावं.”

“आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो.”

दुसऱ्या दिवशी सेटवर निळा महापुजारी कॅमेऱ्यासमोर शाप देत होता. येसबा धावत गेला आणि त्याने पाय घट्ट धरले. सहा बोटांचा रबरी पाय उपटून त्याच्या हातात आला. महापुजारी आडवा झाला आणि उरलेला शाप त्याने येसबालाच दिला, तोही अस्सल कोल्हापुरीत.

दिग्दर्शक म्हणाले, “अरे बाबा, हा नट आहे. तोंडावर रंग दिसला की भुलायचं नाही. खसाखसा धुतलं की आत साधा माणूस निघतो.”

“आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो.”

होणारा जावई कामावर टिकलाय असं ऐकून रखमाजी सगुणाला घेऊन सेटवर आले. जेजुरीहून थेट आलेले. कपाळापासून हनुवटीपर्यंत भंडाऱ्याने पिवळेजर्द. येसबाने बादली आणली, नारळाची शेंडी आणली.

“मामा, घाबरू नगा. आत माणूस हाय.”

माणूस निघाला खरा, पण लालबुंद. सगुणाने तोंडात पदर कोंबला. हसू आवरल्यावर ती म्हणाली, “आबा, मन वंगाळ न्हाई त्येंचं.”

रखमाजींनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “या डावाला सोडतो. पर ऐक. ज्याला जो द्येव प्यारा, त्याला तो मानू द्यावा. मधी हात घालू नये. शनवारी मारुतीपुढं सुपारी फोडू. तवर नीट ऱ्हा.”

“आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो.”

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. पृथ्वीवरून आलेला नायक हातात लोखंडी कांब घेऊन देव फोडायला निघाला. येसबा दोन्ही हात पसरून आडवा उभा राहिला. “हात घालू नगा. त्या निळ्या लोकांचा प्यारा द्येव हाय.” मागे उभ्या निळ्या लोकांपैकी दोघांनी टाळ्या वाजवल्या. शॉट वाया गेला.

दिग्दर्शकांनी त्याला शेजारी बसवलं. फार सोशिक माणूस. “अरे, हा खोटा देव आहे. आत नुसतं यंत्र. त्याच्या आवाजाला भुलून लोक हात जोडतात. शूर माणसाने ते फोडायचं. मग लोक मोकळे होतात आणि फोडणाऱ्याला खांद्यावर घेतात.”

“आसं व्हय. आता ध्यानात ठेवतो.”

शनिवारी मारुतीच्या देवळात सगळा गाव जमला. सगुणा हिरव्या लुगड्यात, रखमाजी कोऱ्या धोतरात. सुपारीआधी आरती होती. होणाऱ्या जावयाच्या गावाला शोभेल असं काहीतरी द्यावं म्हणून रखमाजींनी देवळाला विजेवर चालणारा नगारा दिला होता. त्यांनी बटण दाबलं. नगारा, घंटा, झांजा आपोआप घुमू लागल्या. सगळ्या गावाने हात जोडले.

येसबाने वाकून नगाऱ्याखाली पाहिलं. चाक फिरत होतं, पट्टा पळत होता, लाल दिवा लुकलुकत होता. अख्खा गाव भुलला होता. सगुणासुद्धा डोळे मिटून उभी होती. तिला सोडवायचं तर आत्ताच. त्याने पायरीशी पडलेला धोंडा दोन्ही हातांनी उचलला.

मारुतीला धक्का लागला नाही. घंटा तेवढी गडगडत रखमाजींच्या पायाशी येऊन थांबली.

“मामा,” येसबा धापा टाकत म्हणाला, “समदं गाव मोकळं झालं.”

रखमाजींनी सुपारी परत कनवटीला लावली. “गावाचं ठावं न्हाई. माझी सगुणा मोकळी झाली.”

येसबाला फार बरं वाटलं. गावकरी बाह्या सरसावत पुढे येत होते. त्यांना खांद्यावर घ्यायला सोपं जावं म्हणून तो पटकन उकिडवा बसला.